संस्थांनी मिळून डिजिटल जतन करायचं तर सुरुवात कुठून करावी?

शाईदौत
समजा, सहा संस्था आहेत. दोन मोठी ग्रंथालयं, एका विद्यापीठाचा हस्तलिखित विभाग, एक वस्तुसंग्रहालय, एक ध्वनिसंग्रह आणि एक लहान वाचनालय. सगळ्यांचं मिळून ४० टीबी साहित्य: पोथ्यांचे आणि वर्तमानपत्रांचे स्कॅन, छायाचित्रं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं. आज बहुतेकांकडे एक नॅस (नेटवर्कवरची सामायिक डिस्कपेटी) आणि कपाटात दोन-चार हार्ड डिस्क एवढीच व्यवस्था. स्वतंत्र यंत्रणा उभी करायला माणसं नाहीत, पैसा तर त्याहून नाही. म्हणून एकमेकांच्या प्रती सांभाळायच्या, असा प्रस्ताव.

तीन गोष्टींवर मतं हवी आहेत. लॉक्स या प्रणालीसारखं समसमान जाळं करावं (सगळ्यांनी सगळ्यांच्या प्रती ठेवायच्या), एका मोठ्या संस्थेकडे मध्यवर्ती भांडार द्यावं, की मिळून क्लाउड घ्यावा? प्रती किती? आणि पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय करावं?

माझा कल समसमान जाळ्याकडे आहे. एका संस्थेच्या हाती सगळं सोपवलं की बाकीच्या पाच जणी हळूहळू त्यातून लक्ष काढून घेतात.

तिसरी_प्रत
आकडा ठरवण्याआधी प्रती एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत ते पाहा. एकाच खोलीतल्या पाच प्रती आगीच्या दृष्टीने एकच. एकाच ॲडमिनच्या पासवर्डखाली असलेल्या तीन प्रतीही तशाच, कारण चुकीची एक आज्ञा तिन्ही पुसते.

एनडीएसए या डिजिटल जतनासाठीच्या अमेरिकी संस्थासमूहाची पातळ्यांची तक्ती (२०१३ची, २०१९मध्ये सुधारलेली) अशा कामाला फार उपयोगी पडते. पहिली पातळी: दोन संपूर्ण प्रती, वेगळ्या जागी. दुसरी: तीन प्रती, त्यातली एक तरी दूरच्या ठिकाणी. तिसरी: एक तरी प्रत अशा ठिकाणी जिथे संकटाचा प्रकारच वेगळा आहे. पूररेषेतल्या दोन गावांत दोन प्रती ठेवून तिसरी पातळी गाठता येत नाही. सहाही संस्थांनी आधी स्वतःला या तक्तीवर मोजावं. साठवण, अखंडता, नियंत्रण, मेटाडेटा (साहित्याबद्दलची माहिती) आणि आशय अशा पाच रकान्यांत पातळ्या वेगवेगळ्या निघतात, आणि कुणाला कशाची मदत हवी ते तिथेच कळतं.

माझं उत्तर: तीन प्रती, तीन संस्थांत, तीन वेगळ्या ॲडमिनकडे आणि किमान दोन प्रकारच्या माध्यमांवर. त्यातली एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली.

वाळवी
आणि रेडला (एकाच यंत्रातल्या अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवण्याची सोय) प्रत म्हणू नका! नॅस-टू-नॅस सिंकलाही नाही. एकीकडे फाइल पुसली की रात्री दुसरीकडेही पुसली जाते, तीही अगदी इमानेइतबारे.

गणपुले_नव्हे
लॉक्सबद्दल. १९९९ साली स्टॅनफर्डमध्ये ते सुरू झालं, मुख्यतः ई-नियतकालिकांसाठी. त्यातली खरी किमया प्रतींच्या संख्येत नाही, त्या एकमेकींना तपासतात यात आहे. ठरावीक काळाने एक बॉक्स (जाळ्यातला एक संगणक) 'मतदान' पुकारतो. सोबत एक यादृच्छिक संख्या पाठवतो. बाकीच्या बॉक्सनी ती संख्या आपल्या प्रतीच्या आधी जोडून नव्याने हॅश (फाइलच्या बाइटवरून काढलेला तिचा ठसा) काढायचा आणि उत्तर द्यायचं. त्यामुळे जुना जपून ठेवलेला हॅश परत पाठवून 'माझ्याकडे आहे' असं कुणाला म्हणता येत नाही, प्रत खरोखर वाचावीच लागते. जो बॉक्स अल्पमतात पडतो तो बहुमतातल्या कुणाकडून तरी दुरुस्त प्रत मागून घेतो.

अडचण अशी, की मतदानाला मतदार पुरेसे लागतात. तीन प्रतींत एक बंद पडली आणि उरलेल्या दोघींचं जुळलं नाही, तर बरोबर कोण हे मतदानाने ठरत नाही. म्हणून अशी खासगी जाळी सहा-सात प्रतींवर चालतात. मेटाआर्काइव्हने सात प्रतींचा नियम ठेवला होता. तुमच्या ४० टीबीच्या सहा प्रती म्हणजे २४० टीबी, आणि प्रत्येक संस्थेत ४० टीबीचा सतत चालू सर्व्हर. लहान वाचनालयाला हे झेपेल का?

तिसरी_प्रत
@गणपुले_नव्हे, सहमत. पण लॉक्समधली कल्पना घेऊन सॉफ्टवेअर न घेताही चालतं. सही केलेला मूळ मॅनिफेस्ट (फाइलींची आणि त्यांच्या हॅशची यादी) स्वतंत्रपणे जपून ठेवला तर मतदानाची गरज बरीच कमी होते, कारण खरं काय हे मॅनिफेस्टच सांगतो. साहित्याच्या मानाने अगदी लहान असलेली ती फाइल सहाही संस्थांकडे राहू शकते. प्रती तीन, मॅनिफेस्ट सहा.

मेघवाटिका
मला क्लाउडला इतकं परकं मानणं पटत नाही. मोठ्या ऑब्जेक्ट स्टोरेज सेवा ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा सांगतात. तपासणी, दुरुस्ती, डिस्क बदलणं सगळं तेच करतात. सहा संस्थांनी सहा सर्व्हर रूम थंड ठेवायच्या त्याला काय अर्थ?

वाळवी
@मेघवाटिका, ते अकरा नऊ हार्डवेअरच्या बिघाडाबद्दल आहेत. बिल थकलं, खातं ज्या कर्मचाऱ्याच्या ईमेलवर होतं तो निवृत्त झाला, कुणी चुकीची लाइफसायकल पॉलिसी (जुन्या फाइली आपोआप हलवण्याचा किंवा पुसण्याचा नियम) लावली, हे त्या गणितात नाही. आणि साहित्य हरवण्याची कारणं बहुतेकदा हीच असतात. शिवाय परत काढताना लागणारा खर्च आधी हिशोबात धरा. स्वस्त थंड स्तरातून (क्वचित लागणाऱ्या डेटाच्या साठवणीतून) ४० टीबी एकदम बाहेर काढायचे म्हटले की काढण्याचे आणि डेटा बाहेर नेण्याचे पैसे वेगळे लागतात, आणि काही स्तरांत तासन् तास थांबावंही लागतं.

मेघवाटिका
मुद्दा मान्य. मग तीनपैकी एक प्रत क्लाउडवर ठेवा, ऑब्जेक्ट लॉक ('कम्प्लायन्स' प्रकारचं) लावून. ठरलेल्या मुदतीत ती ॲडमिनलाही पुसता येत नाही. खातं मात्र कुणा एका संस्थेच्या नावावर नको आणि पैसे पाच वर्षांचे आधी गोळा केलेले हवेत.

कपाटकिल्ली
इथे ब्रिटिश लायब्ररीचं उदाहरण आठवायला हवं. ऑक्टोबर २०२३मध्ये तिथे रॅन्समवेअरचा हल्ला झाला. मार्च २०२४मध्ये त्यांनी स्वतःच सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि हा मोकळेपणा फार मोलाचा आहे. डिजिटल संग्रहांच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या. पण त्या परत चढवायच्या कशावर? हल्लेखोरांनी सर्व्हर नष्ट केले होते आणि जुन्या प्रणालींपैकी काही नव्या सुरक्षित यंत्रणेवर चालतच नव्हत्या. प्रत असूनही वाचकाला महिनोन् महिने ती मिळाली नाही.

म्हणून धागाकर्त्याच्या तीन प्रश्नांत चौथा घाला: उद्या एका संस्थेची सगळी यंत्रणा गेली तर कुणी, कुठल्या मशीनवर, किती दिवसांत तिचं साहित्य उभं करायचं? ४० टीबी १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पूर्ण वेगाने आणले तरी ३७ दिवस लागतात. डिस्क गाडीत घालून नेणं त्यापेक्षा कितीतरी लवकर होतं. सुरुवातीची भरणीही तशीच करा, नेटवर्क फक्त नव्या साहित्यासाठी ठेवा.

पानपिंपळ
पहिल्या सहा महिन्यांचं विचारलंत म्हणून लिहितो. सगळ्यात आधी बॅगइट, म्हणजे फाइली त्यांच्या तपासणी-यादीसह एका 'बॅगेत' बांधायची पद्धत. २०१८मध्ये आरएफसी ८४९३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ते प्रसिद्ध झालं आहे आणि समजायला अर्धा दिवस पुरतो. एक फोल्डर, त्यात 'डेटा' नावाचा उपफोल्डर, बाहेर मॅनिफेस्टची फाइल (प्रत्येक ओळीत चेकसम, म्हणजे वर आलेला हॅशच, आणि फाइलचा मार्ग) आणि बॅग-इन्फोची फाइल. बॅग-इन्फोमध्ये पेलोड-ऑक्सम नावाची ओळ असते: एकूण बाइट, टिंब, फाइलींची संख्या. पूर्ण चेकसम काढायला तास लागतात, ऑक्समची तपासणी काही क्षणांत होते. अर्धवट कॉपी झालेली बॅग तिथेच पकडली जाते.

चुका कुठे होतात? पहिली आणि सगळ्यात महागाची: चेकसम सर्व्हरवर पोचल्यावर काढणं. वाटेत फाइल बिघडली असेल तर बिघडलेल्या फाइलचाच चेकसम कायमचा 'खरा' ठरतो. चेकसम स्कॅनिंगच्या टेबलापाशी, गुणवत्ता तपासून झाल्या झाल्या, काहीही हलवण्याआधी काढायचा.

दुसरी: बॅग झाल्यावर कुणीतरी कौतुकाने फोल्डर उघडून बघतं आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्यात आपली लपलेली फाइल टाकते, विंडोजवर थंब्स.डीबी, मॅकवर .डीएस_स्टोअर. मॅनिफेस्टमध्ये नसलेली फाइल 'डेटा'मध्ये आली की बॅग अवैध. म्हणून तयार बॅग फक्त-वाचन ठेवा आणि या फाइली बॅग बांधण्याआधीच साफ करा.

तिसरी: बॅगचा आकार. दोन टीबीची एक बॅग केली आणि शेवटच्या फाइलला कॉपी तुटली, की फेरतपासणी सगळ्याची. ५० ते १०० जीबीच्या बॅगा सोयीच्या पडतात. ए४ आकाराचं पान ४०० पीपीआयला २४ बिट रंगात असंकुचित टिफ केलं तर सुमारे ४६ एमबी होतं. ३०० पानांचं पुस्तक साधारण १४ जीबी. म्हणजे बॅगेत पाच-सहा पुस्तकं, आणि पुस्तक मध्येच तोडायचं नाही.

अक्षरजुळणी
@पानपिंपळ यांच्या यादीत चौथी चूक, खास आपल्या लिपीची. फाइलीचं नाव देवनागरीत असेल तर 'ऱ' सांभाळा. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिला जातो: एकच वर्ण (०९३१) किंवा 'र' अधिक नुक्ता, म्हणजे खालचा टिंब (०९३० + ०९३सी). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. 'दुसऱ्या_खंडाचे_मुखपृष्ठ' ही फाइल मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लस डिस्कवर गेली की नाव विघटित रूपात साठवलं जातं. तिथून लिनक्स सर्व्हरवर आली की मॅनिफेस्टमधलं नाव आणि डिस्कवरचं नाव बाइटच्या पातळीवर वेगळं. तपासणी सांगते: एक फाइल गहाळ, एक फाइल अनोळखी. माणूस दोन्ही नावं शेजारी ठेवून बघतो आणि त्याला फरक दिसत नाही.

दुसरं, लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. 'दुसऱ्या' या एका शब्दाला २१ बाइट. ८५ वर्णांत नाव संपतं.

उपाय साधा आहे: फाइलीचं नाव रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढ्यातच ठेवायचं. देवनागरी शीर्षक मेटाडेटात, एकाच नॉर्मलाइज रूपात (एनएफसी, म्हणजे जोडलेल्या वर्णांचं रूप).

जुनी_पोथी
नव्या स्कॅनसाठी ठीक. पण एखाद्या लेखकाच्या संगणकावरून आलेल्या फोल्डरची नावं बदलायची नाहीत! ती नावं हाच दस्तऐवजाचा भाग असतो. बदलावीच लागली तर मूळ नाव प्रीमिस या जतनाच्या मेटाडेटा-मानकातल्या 'मूळ नाव' या घटकात नोंदवा आणि बदल एक स्वतंत्र घटना म्हणून लिहा: कुणी, कधी, कोणत्या साधनाने.

अक्षरजुळणी
बरोबर. माझं लिहिणं स्कॅनबद्दलच होतं.

रुपेरी_फीत
ध्वनिसंग्रहाकडे कुणी लक्षच दिलं नाही. कागद अजून पन्नास वर्षं थांबेल, चुंबकीय फिती थांबणार नाहीत. त्यांचा थर सुटतो, आणि त्या वाजवणारी यंत्रं नि त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत. जाळ्याचा पहिला सामायिक खर्च फितींच्या डिजिटायझेशनवर व्हावा, सर्व्हरवर नव्हे.

आकडे: आयएएसए या ध्वनी-दृश्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टीसी-०४ शिफारशींनुसार ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, ब्रॉडकास्ट वेव्ह फाइल. स्टिरिओ तासाला सुमारे २ जीबी. एमपी३ फक्त ऐकवण्यासाठी. चलचित्रांसाठी मात्रोस्काच्या डब्यात (एमकेव्ही फाइलीत) एफएफव्ही१ हे स्वरूप. ते अहानिकारक (काहीही न गमावणारं) संकोचन आहे, आणि तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक चौकटीच्या तुकड्यांना स्वतःचा सीआरसी (छोटा चेकसम) असतो. फाइल बिघडली तर कुठल्या चौकटीच्या कुठल्या कोपऱ्यात, इथपर्यंत कळतं.

पानपिंपळ
@रुपेरी_फीत, फितींना प्राधान्य, शंभर टक्के मान्य. फक्त 'सर्व्हरवर नव्हे' याला हरकत. डिजिटाइज करून एका डिस्कवर ठेवलं तर नाजूक वस्तूची जागा दुसऱ्या नाजूक वस्तूने घेतली इतकंच. आणि हो, कपाटात ठेवायला एसएसडी वापरू नका. वीज न मिळता पडून राहिल्या तर त्यांच्या पेशींतला भार ओसरतो.

गणपुले_नव्हे
ऑफलाइन प्रतीसाठी एलटीओ टेप (संगणकाच्या साठवणीची चुंबकीय फीत) बघा. एलटीओ-९ची मूळ क्षमता १८ टीबी, म्हणजे तुमचं सगळं तीन टेपवर. एलटीएफएस या खुल्या फाइल-रचनेत लिहिलं तर कुठल्याही विशिष्ट बॅकअप सॉफ्टवेअरवाचून वाचता येतं. एकच इशारा: मागच्या पिढ्यांच्या टेप वाचण्याची सोय कमी झाली आहे. एलटीओ-७पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत. एलटीओ-८ फक्त सातवी वाचतो, एलटीओ-९ फक्त आठवी. टेप तीस वर्षं टिकते म्हणून निर्धास्त राहिलात तर ती वाचणारा ड्राइव्ह मिळणार नाही. सहा संस्थांत मिळून दोन ड्राइव्ह घ्या, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि स्थलांतराची तारीख आजच ठरवा.

उंबरठा
तांत्रिक चर्चा उत्तम चालू आहे, पण सहकारी जतन कोसळतं ते करारापाशी. डिजिटल प्रिझर्व्हेशन नेटवर्क आठवा. अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी २०१२मध्ये उभं केलं. स्टॅनफर्ड, हाथीट्रस्ट (ग्रंथालयांचं सामायिक डिजिटल भांडार), क्रोनोपोलिस अशी भक्कम केंद्रं जोडलेली होती. डिसेंबर २०१८मध्ये ते गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. तंत्र मोडलं नव्हतं. वर्गणी भरणाऱ्या बऱ्याच सदस्यांनी आपलं साहित्य त्यात टाकलंच नाही, आणि मग वर्गणी कशासाठी हा प्रश्न उभा राहिला. याउलट हाथीट्रस्ट २००८पासून मध्यवर्ती पद्धतीने चालू आहे, कारण सदस्यांना त्याचा रोजच्या कामात उपयोग होतो. जतन आणि वापर एकमेकांना जोडलेले राहिले तर पैसे देणाऱ्याला दर वर्षी स्वतःची समजूत घालावी लागत नाही.

करारात या गोष्टी पहिल्या दिवशी लिहा:

बाहेर पडणाऱ्या संस्थेची सूचना-मुदत किती (बारा महिन्यांपेक्षा कमी नको). तिच्याकडच्या इतरांच्या प्रती दुसरीकडे तयार होऊन तपासल्याशिवाय तिने त्या पुसायच्या नाहीत. तिचं साहित्य तिला वैध बॅगांत परत मिळायचं. जाळंच बंद झालं तर शेवटच्या परतीचा खर्च कुठल्या राखीव निधीतून. प्रत ठेवणाऱ्या संस्थेला कॉपी करण्याचा आणि गरज पडल्यास फाइल नव्या स्वरूपात बदलण्याचा हक्क आहे, पण वाचकाला दाखवण्याचा नाही. हे शेवटचं वाक्य नसेल तर प्रताधिकारातल्या साहित्याबद्दल वकील सगळं थांबवतात, आणि ते बरोबरच असतं.

जुनी_पोथी
यात एक भर घालते. सगळं साहित्य सगळ्यांकडे जाऊ नये. खासगी पत्रं, हयात व्यक्तींच्या मुलाखती, एखाद्या समाजाने काही अटींवर विश्वासाने दिलेली विधींची मुद्रणं, यांच्या प्रती कुठे जाणार हे देणाऱ्यांना विचारूनच ठरवावं. 'फक्त साठवण आहे, कुणी बघणार नाही' हे उत्तर त्यांना पुरेसं वाटत नसेल तर तो निर्णय त्यांचा आहे.

मेघवाटिका
अशा बॅगा एन्क्रिप्ट करून पाठवता येतील की.

तिसरी_प्रत
येतील, पण किल्ली हरवली की साहित्य हरवलं, प्रती कितीही असोत. किल्ली एका माणसाकडे ठेवू नका. शमीरची पद्धत आहे: किल्लीचे पाच हिस्से, कुठलेही तीन एकत्र आले की ती पुन्हा तयार होते, दोघांना काही करता येत नाही. हिस्से सीलबंद पाकिटात, वेगळ्या संस्थांत, आणि पद बदललं की पाकीट नव्या माणसाच्या सहीने हस्तांतरित. आणि देणाऱ्यांचा नकार असेल तर एन्क्रिप्शन हा त्यावरचा तोडगा समजू नये. @जुनी_पोथी यांचा मुद्दा आधी येतो.

वाळवी
@कपाटकिल्ली, या धाग्यावर तुमच्या टोपणनावाला आता जबाबदारी आली. :)

छोटं_वाचनालय
लहान संस्थेच्या बाजूने विचारतो. आमच्यासारख्यांचं साहित्य एक टीबीच्या आत. वर्गणी टीबीवर लावली तर आम्ही किरकोळ, मतं समान दिली तर मोठ्यांना ते जड. मग आमचं स्थान काय?

उंबरठा
वर्गणीचे दोन भाग करा. एक सगळ्यांना सारखा छोटा पायाभूत भाग, त्यावर आकारमानाप्रमाणे. मत मात्र प्रत्येकी एक. आणि योगदान पैशातच मोजायला नको. ऑफलाइन प्रत सांभाळायला कोरडी, कुलूपबंद, पूररेषेबाहेरची खोली लागते, ती लहान वाचनालयाकडेही असू शकते. तिथे ॲडमिन वेगळा, इमारत वेगळी, नेटवर्क नाहीच. @तिसरी_प्रत म्हणतात ते स्वातंत्र्य इथेच मिळतं.

शाईदौत
सगळ्यांचे आभार. समसमान जाळ्याचा आग्रह सोडतो, २४० टीबीचा हिशोब त्याला पुरेसा आहे. आता असं दिसतंय: एक प्रत मूळ संस्थेत, दुसरी एका मोठ्या ग्रंथालयात (कुणाची कुठे ते करारात), तिसरी टेपवर लहान वाचनालयाच्या खोलीत. मॅनिफेस्ट सहाही ठिकाणी. क्लाउड सध्या नाही. पहिले दोन महिने करार आणि एनडीएसएची तक्ती, पुढचे दोन बॅगा, त्यानंतर भरणी. फिती पहिल्या.

दोन प्रश्न उरतात. चेकसमची तपासणी किती वेळा? आणि परत उभं करण्याचा सराव नेमका कसा?

गणपुले_नव्हे
डिस्कवरच्या प्रतींची पूर्ण तपासणी तिमाहीत एकदा. सेकंदाला २०० एमबी वेगाने ४० टीबी वाचायला साधारण अडीच दिवस लागतात, ते रात्रीचे तुकडे पाडून करा. टेप सारखी सारखी वाचू नका, वर्षातून एकदा पुरे, कारण प्रत्येक वाचनाने ती झिजते. एमडी५ अपघाती बिघाड पकडायला चालतो, पण मुद्दाम केलेल्या फेरफाराविरुद्ध त्याचा भरवसा नाही. एसएचए-२५६ किंवा ५१२ घ्या. निकाल 'सर्व ठीक' असला तरी नोंदवा. नोंद नसेल तर तपासणी झाली की नाही हे पुढच्या माणसाला कळणार नाही.

कपाटकिल्ली
सराव वर्षातून दोनदा. मूळ संस्थेने मदत करायची नाही, ती गेली असं समजायचं. दुसऱ्या संस्थेतल्या माणसाने फक्त लेखी सूचना वाचून, रिकाम्या मशीनवर तीन बॅगा टेपवरून आणायच्या, तपासायच्या आणि त्यातल्या फाइली उघडायच्या. चेकसम जुळला म्हणजे बाइट जुळले. फाइल उघडते का, पान सरळ आहे का, मेटाडेटा त्याच पुस्तकाचा आहे का, हे माणसाने बघायचं. जिथे तो अडला आणि फोन करावा लागला ती ओळ सूचनांत भरायची. फाइलींची स्वरूपं ओळखायला ड्रॉइड हे सॉफ्टवेअर चालवा, ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रोनोम सूचीवरून ते ओळख पटवतं. नावात टिफ आणि आत जेपीईजी असली सोंगं तिथे उघडी पडतात.

रुपेरी_फीत
+१. त्या तीन बॅगांत दोन तासांहून लांब एक ध्वनिमुद्रण असू द्या. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी, आणि ९६/२४ स्टिरिओला ती दोन तासांच्या जरा पुढे गाठली जाते. त्यापुढे आरएफ६४ हे मोठ्या फाइलींचं स्वरूप लागतं. जुनी सॉफ्टवेअर ती फाइल उघडतात, तक्रार करत नाहीत आणि लांबी भलतीच दाखवतात. चेकसम जुळलेला असतो, त्यामुळे हे फक्त शेवटपर्यंत ऐकणाऱ्यालाच कळतं.